चष्म्याची दोरी

कुणी मांजर पाळतं, कुणी पोपट. बुरशीताईने बावीस वर्षं एक आजार पाळला.

आजार किड्यांचा. पिकावरच्या अळीला एक पांढरी बुरशी लागते, अळी आधी खाणं सोडते, मग कडक होते आणि शेवटी खडूच्या तुकड्यासारखी पांढरीफटक पडते. ही बुरशी माणसाच्या वाटेला जात नाही, म्हणून विषाऐवजी लोक ती फवारतात. पण फवारायची तर ती कुणीतरी वाढवायला हवी. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत हे काम ताईकडे होतं. तांदळाची कणी भिजवायची, पिशव्यांत भरायची, भल्यामोठ्या कुकरमध्ये वाफवायची, गार झाली की बुरशीचं विरजण लावायचं आणि दोन आठवडे वाट बघायची. कणी पांढरी होत आली की ताईचा चेहरा उजळे. "बघा, कशी अंगाने भरलीय!" असं ती पिशवी हलवत म्हणे. ते एखाद्या बाळसेदार पोराबद्दल आहे, असं नव्या माणसाला वाटून जाई. मग ती कणी चाळायची, खाली बारीक पीठ पडायचं, आणि ते ताईच्या केसांवर, भुवयांवर, कपड्यांवर बसायचं. बुरशीताई हे नाव तिला कुणी ठेवलं ते आठवत नव्हतं, पण तिने ते कधी नाकारलंही नाही.

या गुणी लेकराचा एकच अवगुण होता. त्याला पिकावरची अळी आणि रेशमाची अळी यांतला फरक कळत नसे. आणि ताईच्या धाकट्या बहिणीकडे नेमक्या रेशमाच्या अळ्या होत्या.

म्हणून आठ वर्षं नियम असा की, बहिणीच्या घरी अळ्या असल्या की ताई तिकडे फिरकायची नाही. कोष विकले गेले, खोली धुऊन झाली, की मग जायचं. धाकटीचा नवरा थट्टेखोर. तो म्हणायचा, "बायका बहिणीकडे जायला सासूला घाबरतात. आमच्या ताई अळ्यांना घाबरतात!"

यंदा मात्र धाकटी अंगणात घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. अळ्या शेवटच्या टप्प्यात होत्या. त्या आठवड्यात अळी नुसती खाते. दिवसातून चार वेळा तुतीच्या फांद्या घालाव्या लागतात. नवरा पाला तोडून आणी, पण घालणार कोण? धाकटीने फोन केला.

"ताई, ये."

"वेडी आहेस का? मला येता येणार नाही, माहीत आहे तुला."

"आंघोळ करून ये."

"ही बुरशी आंघोळीने जाते असं तुला कुणी सांगितलं?"

मग धाकटी म्हणाली, "बावीस वर्षं परक्यांच्या पिकाची काळजी केलीस. माझ्यासाठी तुला आठवडा निघत नाही. बरं, ठेवते."

ती 'ठेवते' म्हणाली, पण फोन ठेवला नाही. ताईला तिचा श्वास ऐकू येत राहिला.

प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाई रजेच्या अर्जावर सही करताना म्हणाल्या, "जाऊ नका, असं माझं मत आहे." ताई म्हणाली, "माझंही तेच आहे." आणि गेली.

जाण्याआधी तीन दिवस ती कामावर गेली नाही. केस चार वेळा धुतले, नखं मुळापासून कापली, अंगावरचे कपडे, चपला, पिशवी, सगळं नवं कोरं घेतलं. बहिणीच्या दारात पोचल्यावर पुन्हा आंघोळ, पुन्हा बहिणीचेच धुतलेले कपडे. मेहुणा म्हणाला, "ताई, एवढी तयारी तुमच्या लग्नातसुद्धा नव्हती." ताई हसली. खूप दिवसांनी मोकळं हसली.

पहिले चार दिवस सुखाचे गेले. लांबट खोली, दोन्ही बाजूंना एकावर एक चार कप्पे, आणि हजारो जबडे एका लयीत चाललेले. कुणी वाळल्या पाचोळ्यावरून सावकाश चालत जावं, तसा तो आवाज. ताई फांद्या मांडी, धाकटी गळ्यात हात अडकवून स्टुलावर बसे आणि हुकूम सोडी.

"अगं, दाटी नको करूस. त्यांनाही माणसांसारखी जागा लागते."

"माझ्याकडे आल्या असत्या तर दाटी आपोआप कमी झाली असती."

"गप बस! कानावर जाईल त्यांच्या."

पाचव्या दिवशी सकाळी ताई खालच्या कप्प्याशी वाकली आणि तिला एक अळी पाल्यावर आडवी दिसली. तिने बोटाने उचलली. जिवंत अळी बोटावर मऊ लवते. ही काडीसारखी सरळ राहिली. पांढरी झालेली नव्हती अजून. पण पांढरी व्हायच्या आधीची अळी ओळखण्यातच ताईचं आयुष्य गेलं होतं. प्रयोगशाळेत अशी अळी हाती लागली की ती सगळ्यांना हाका मारून दाखवत असे.

तिने शोधलं. डावीकडे खालच्या दोन कप्प्यांत सहा. उजवीकडे खालच्या दोन कप्प्यांत नऊ. वरच्या कप्प्यांत एकही नाही.

खालीच का? ती पुन्हा वाकली, तेव्हा नाकावरचा चष्मा घसरला आणि दोरीवर लोंबकळला. सुती दोरी. सहा वर्षं ती गळ्यात होती, पिशव्या हलवताना, पीठ चाळताना. वरच्या कप्प्यांना फांद्या घालताना ती छातीशी राही. खालच्यांना घालताना पाल्यावर लोळत जाई. डोक्यापासून पायापर्यंत ताईने सगळं बदललं होतं, आणि चष्म्याशिवाय तिला आंघोळीचा तांब्याही दिसत नसल्यामुळे चष्मा ती आंघोळीनंतर सर्वात आधी डोळ्यांवर चढवत होती.

ताईने दोरी मुठीत धरली.

गप्प राहता आलं असतं. हवा दमट होती, आणि दमट हवेत ही बुरशी आपणहूनही येते. हवेच्या माथी मारलं असतं तर ते धड खोटंही ठरलं नसतं. पण मग धाकटीने फक्त मेलेल्या पंधरा वेचून टाकल्या असत्या. दोरी लागली होती ती पंधरांनाच नाही. बाकीच्या आज जोमाने खात होत्या, उद्या कडक होणार होत्या, परवा पांढऱ्या, आणि ते पांढरं पीठ वरच्या कप्प्यांपर्यंत उडणार होतं. वरच्या वाचवायच्या तर खालच्या सगळ्याच, आजच, खात असतानाच काढाव्या लागणार होत्या. आणि खालच्याच का, हे सांगायचं तर दोरीचं सांगावं लागणार होतं.

ती खोलीबाहेर आली, दोरी काढून चुलीत टाकली, आणि मग बहिणीला सांगितलं. एका दमात, खाली बघत.

धाकटीने दारातूनच खालच्या कप्प्यांकडे नजर टाकली. मग म्हणाली, "खालचे चारही कप्पे? अर्ध्या अळ्या झाल्या त्या."

"हो."

"जिवंत आहेत गं त्या, ताई."

"परवापर्यंत."

"तुला नक्की माहीत आहे?"

"दुसरं मला येतं काय?"

मेहुण्याने मागे खड्डा खणला. थट्टा त्याला सुचली नाही. पाल्यासकट अळ्या पोत्यांत भरून नेताना तो ताईजवळ थांबला आणि हळूच म्हणाला, "बोलला नसतात तरी चाललं असतं. कुणी विचारलं नसतं तुम्हाला."

"हिने विचारलं नसतं, म्हणूनच," ताई म्हणाली.

खड्ड्यात चुना पडला, वर माती पडली. माती लोटेपर्यंत आतून खाण्याचा आवाज येत होता, की ताईला तसा भास होत होता, कुणास ठाऊक. खालचे कप्पे धुऊन झाले, फरशीवर चुना भुरभुरला. ताई नवी पिशवी काखेला लावून निघायला उभी राहिली, तशी धाकटी खोलीच्या दारात आडवी आली.

"तू आत पाऊल टाकायचं नाहीस," ती म्हणाली. आवाज कोरडा होता.

"नाही टाकत. निघालेच आहे."

"निघालीस कुठे? वरच्यांतली एखादी कडक झाली तर मला कळणार आहे का? माझ्या डोळ्याला सगळ्या सारख्याच." तिने डाव्या हाताने अंगणातलं स्टूल खिडकीकडे ढकललं. "तिथे बस. काचेपलीकडून बघ. मी दाखवत जाईन, तू सांगत जा."

ताई बसली. काच बंद होती. आत धाकटी कप्प्याकप्प्याने फिरू लागली. जराशी आळसावलेली दिसेल ती अळी डाव्या तळव्यावर घेई, काचेला लावी आणि बहिणीच्या तोंडाकडे न बघता विचारी, "ही?"

"चांगली आहे."

"ही?"

"चांगली."

दुपार कलेपर्यंत तिने कितीतरी आणल्या. ताई त्यांना निरखून बघे. मरणारी अळी कशी दिसते ते तिला झोपेतही सांगता आलं असतं. जगणारी ओळखताना मात्र ती दर वेळी दोनदा बघत होती.

"ही बघ. ही हलत नाहीये."

ताईने काचेला नाक टेकवलं. तळव्यावरची अळी निपचित होती.

"सांग ना गं!"

"थांब जरा," ताई म्हणाली. "तिला थोडा वेळ दे."

काचेच्या दोन्ही बाजूंना दोघी थांबून राहिल्या.