नलूमावशींची पंधरा मिनिटं

किस्से हातमोज्यांसारखेच असतात. एक सापडला की त्याचा जोडीदार शोधत बसावं लागतं. कॉलेजात असताना मी शनिवारी बर्मिंगहॅमच्या एका स्कीच्या दुकानात काम करायचे. शेजारीच प्लॅस्टिकच्या चटयांचा स्की-उतार होता. हे तिथले.

ग्लव्ह्जचं काउंटर नलूमावशींचं. तीस वर्षं हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये नर्स, जन्मात कधी स्कीवर उभ्या राहिल्या नाहीत. एकेका गिऱ्हाइकाला पंधरा मिनिटं! मला चीड यायची, मालक कीथला जास्तच. "ईस्टरपर्यंत बघतो," तो मला म्हणाला, "मग काउंटर तुझं."

मी नाही म्हटलं नाही.

*

एकजण स्कॉटलंडला निघालेला. त्याला महागडे, मऊ कातडी ग्लव्ह्ज हवे होते. मावशींनी सॅम्पलचा ग्लव्ह त्याच्या हातात चढवला आणि हात नळाखाली धरला.

"तिथला बर्फ ओला. आधी भिजवतो, मग गोठवतो."

तो निम्म्या किमतीचे वॉटरप्रूफ घेऊन गेला. कीथने माझ्याकडे बघितलं.

*

दुसऱ्याला सपाटीवरचं क्रॉस-कंट्री स्कीइंग करायचं होतं. त्याने सगळ्यात जाड ग्लव्ह्ज घातले.

"आता जिना चढून या," मावशी म्हणाल्या. "तीनदा."

धापा टाकत आला. आत तळहात घामाने चिंब.

"दिवसभर हेच होणार. पातळ घाला. जाड बॅगेत ठेवा, थांबल्यावर घाला."

*

प्लॅस्टिकच्या उतारासाठी मात्र जाड कातडीच, भर उन्हाळ्यातसुद्धा. पडलं की अंगठा चटईच्या भोकात अडकतो आणि मोडतो. एक बस ड्रायव्हर म्हणाला, मला गरज नाही. मावशींनी चेहऱ्याकडे न बघता त्याचा अंगठा चाचपला.

"तुम्ही माझ्याकडे येऊन गेलात. प्लास्टर भिजवून परत आला होतात."

त्याने दोन जोड घेतले.

*

मार्चमध्ये कॉलेजच्या स्की टीमची निवड त्याच उतारावर होती. मी पातळ रेसिंग ग्लव्ह्ज काढून ठेवले होते.

"मावशी, लेक्चर देऊ नका."

"नाही देत. पेपर कधी आहेत तुझे?"

"मे महिन्यात."

"लिहितेस कुठल्या हाताने?"

चरफडत कातडीचे घातले. शेवटच्या वळणावर सणसणीत आपटले. उजवा ग्लव्ह अंगठ्यापाशी फाटला, अंगठा शाबूत. तरी टीममध्ये आले.

तशीच दुकानात गेले आणि तो ग्लव्ह कीथसमोर टाकला. "काउंटर मला नको."

कीथने त्या भोकातून आपला अंगठा बाहेर काढून पाहिला. मग वरच्या मजल्यावर असलेल्या सात वर्षांच्या लेकीला खाली बोलावलं.

"नलू," तो मावशींना म्हणाला, "ही उद्यापासून उतारावर शिकणार. ग्लव्ह्ज निवडायला किती वेळ लागेल?"

"पंधरा मिनिटं."

कीथने दारावरची पाटी 'क्लोज्ड'कडे फिरवली आणि स्टूल ओढून बसला.