सूर्यभान मापाऱ्याचे दडे

"बेटी, ते तेल ठेव खाली. वाटी पाहूनच मले घाम फुटते."

"काहून ठेवू? माह्या मायनं घरातल्या समद्यांच्या कानात लसणाचं तेल ओतलं. कोनी मेलं का?"

"मेलं नाई. पन कोनाचा दडा निघाला, तेही सांग!"

अमरावतीच्या एका ओसरीवर दुर्गाबाई आणि कान साफ करणारे रऊफचाचा असे भिडले होते. ज्याच्या कानांवरून भांडण, तो दुर्गाबाईचा नवरा सूर्यभान मधे बसून एकदा हिच्या ओठांकडे, एकदा त्यांच्या दाढीकडे बघत होता.

सूर्यभान कापसाच्या बाजारातला मापारी. अमेरिकेत लढाई पेटली, विलायतेतल्या गिरण्या उपाशी पडल्या आणि वऱ्हाडचा कापूस सोन्यासारखा खपू लागला, तेव्हा तो नांदगाव खंडेश्वराहून इथं आला. सोबत एकच भांडवल, गळा. पोरपणी ज्वारीवरची पाखरं हाकलून कमावलेला. मापाची रीत अशी, की प्रत्येक वजन सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून मोजायचं आणि पहिल्याला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. सूर्यभानचा 'लाभ' पार शेवटच्या गाडीखाली झोपलेल्या गाडीवानाला उठवी.

मग तो डोक्यात पडसं घेऊन चिखलदऱ्याला लग्नाला गेला आणि घाट उतरताना त्याच्या दोन्ही कानांत दडे बसले. गंमत अशी, की जग दूर गेलं आणि स्वतःचाच आवाज डोक्यात ढोलासारखा घुमायला लागला. त्याला वाटे, आपण केवढं ओरडतोय! म्हणून तो 'लाभ' पुटपुटू लागला. शेतकरी चिडले, "हा चोरून काहून मोजून राहिला?" अडत्या पंजाबरावांनी तर सकाळीच बजावलं होतं, "आज दुपारच्या मापाले गळा उघडला तर ठीक. नाईतर उद्यापासून अकोल्याचा मापारी उभा करतो."

"चाचा, दुपार होऊन राहिली," दुर्गाबाईनं वाटी खाली ठेवली. "काहीतरी तर करा!"

"काय करू? उन्हात धरून पाहिलं, आत मळाचा कण नाई. माह्या धंद्याची इज्जत घेतली या कानानं! कुलूप बाहेरून नाई, आतून लागलं."

चाचांचं खरं होतं. कानाच्या पडद्यामागे हवेची एक इवलीशी खोली असते. तिथून एक बारीक वाट नाकामागे, घशाकडे उतरते. आपण गिळतो, जांभई देतो, तेव्हा ती क्षणभर उघडते आणि आतबाहेरची हवा सारखी होते. पडशानं ती वाट सुजते. घाट उतरताना बाहेरची हवा दाट होत जाते, आतली विरळच राहते आणि पडदा आत ओढला जातो. ढोलाचं कातडं कुणी दाबून धरल्यासारखा. तेल पडद्याच्या अलीकडंच थांबणार.

सूर्यभाननं नाक चिमटीत धरलं, गाल फुगवले.

"अबे, जोरानं नको!" चाचांनी त्याचा हात ओढला. "पडदा फाटन! घाट उतरताना बंजारे काय करतात? कायतरी चघळतात, जांभया देतात. दे जांभई!"

"मागून येते का जांभई?" दुर्गाबाई फणकारली. "आन् नाक तर चोंदलेलं. आधी मी वाफ देतो."

ओव्याचं उकळतं पाणी आलं. सूर्यभान घोंगडीखाली गेला, शिंकला, घामाघूम होऊन बाहेर आला. नाक वाहू लागलं, कान मात्र बंदच. तेव्हा चाचा त्याच्यासमोर मांडी ठोकून बसले आणि त्यांनी दाढी छातीला टेकेल अशी जांभई दिली.

"काय सोंग करून राहिले, चाचा, या वया..." पुढचं दुर्गाबाईच्याच जांभईत बुडालं.

तिला पाहून सूर्यभानचाही जबडा उघडला. उघडतच गेला. टुक्!

तो दचकला. दुर्गाबाईनं गुळाचा खडा त्याच्या तोंडात कोंबला. गिळताना दुसरा कानही टुक् झाला. चूल तडतडत होती. बांगड्या वाजत होत्या. हे सगळं इतका वेळ चालूच होतं?

"पाहा माह्या वाफेचा गुण!"

"वाफेचा? उघडला जांभईनं!"

"सुजलेल्या नाकापुढं जांभई काय करत होती?"

"अन् जांभईबिगर तुही वाफ काय कामाची? सूर्यभान, तूच सांग!"

"हो, सांगाच! कोनानं उघडला?"

बाजाराकडून दुपारच्या मापाला येणाऱ्या बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. सूर्यभाननं मान तिकडं वळवली, खुंटीवरचं पागोटं डोक्यावर ठेवलं आणि दोघांच्या मधून, गूळ चघळत, ओसरी उतरून चालू लागला.