अप्पांनी न सांडलेलं पाणी

आमच्या अप्पांनी आयुष्यभर लोकांच्या बॅरलमध्ये डोकं घातलं.
आणि मला त्याचा प्रचंड अभिमान आहे.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं.

अप्पा हिवताप विभागात होते. खाकी शर्ट, हातात बॅटरी. घरोघरी साठवलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या शोधायच्या, ही ड्यूटी.
शाळेत मला 'डासवाल्याची पोरगी' म्हणायचे. रडायचे मी. आता कुणी विचारायच्या आधीच सांगते.

लोक नाल्याकडे बोट दाखवायचे. अप्पा हसायचे.
"डेंग्यूचा डास लई घरंदाज हाय. त्याला नितळ पाणी लागतं. रांजण, कूलर, फ्रिजमागचा ट्रे. आपल्याच घरात बिऱ्हाड करतोय त्यो."

आता आमच्या सोलापुरात पाणी येतं चार-पाच दिवसांनी. आणि खात्याचा हुकूम काय, तर अळ्या दिसल्या की बॅरल ओतून टाका म्हणे!

मागच्या गल्लीत लक्ष्मीअक्का राहतात. घरात टॉवेलचे माग, तोंड तिखट. खात्यातल्याच कुणीतरी एकदा त्यांचा भरलेला बॅरल आडवा केला होता. तेव्हापासून खाकी शर्ट दिसला की दार बंद.
एका वर्षी गल्लीत डेंग्यूचे पेशंट वाढत होते. अक्कांची सून गरोदर होती. आणि तेवढं एकच घर तपासायचं राहिलं होतं.

अप्पा तीन दिवस दारातून परत आले. चौथ्या दिवशी मला सोबत नेलं.
"अक्का, थेंब सांडणार न्हाय. सांडला तर माझ्या घरचं पाणी आणून देतो."

दार उघडलं.

घरातली सगळी पातेली, घागरी मांडल्या. धोतराच्या फडक्यातून सगळं पाणी गाळलं. बॅरल आतून काथ्यानं घासला, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात. मग पाणी परत भरलं. दीड तास लागला.
फडक्यावर अळ्या वळवळत होत्या.
"अय्यो! ह्ये आमी पितोय व्हय?" अक्का किंचाळल्या.

तेव्हापासून अप्पांनी सगळीकडे असंच केलं. साहेब ओरडायचे, दिवसाला एवढीच घरं?
"साहेब, पाणी वतलं तर बॅरल येकदा साफ व्हतो. दार मातर कायमचं बंद."

अक्कांची सून सुखरूप बाळंत झाली. बारशाचं पहिलं आमंत्रण अप्पांना.

गेल्या वर्षी याच दिवशी सगळे स्मशानातून परतले, तर आंघोळीला पाणी नाही. नळ येऊन चार दिवस झाले होते, आमचा बॅरल तळाला गेलेला.
मागच्या दारानं लक्ष्मीअक्का आल्या. कमरेवर घागर. मागे सून, तिच्या हातात दोन बादल्या.
एक खेप, दुसरी, पाचवी.

"अक्का, तुमचं पाणी संपेल," मी म्हटलं.

"संपू दे की. त्यानं माझा येक थेंब सांडला न्हाय."

मी तिथंच मोरीत बसून रडले.

अप्पा, आज सकाळी बॅरल घासला. पाणी गाळून परत भरलं. फरशी कोरडी आहे.

तुमची,
डासवाल्याची पोरगी.