तळाचे ओरखडे

शाळेत त्यांना गोळेसर म्हणत, आणि ते काही त्यांचं आडनाव नव्हतं. सत्तावीस वर्षं नववीच्या वर्गासाठी मातीचे गोळे करत आलेल्या माणसाला पोरं दुसरं काय म्हणणार? मोसंबीएवढे तीन गोळे, बाहेरून अगदी जुळे. एकाच्या पोटात लोखंडी गोळी, दुसऱ्याच्या पोटात तेलाची कुपी, तिसरा आरपार माती. कुपीत छर्रे टाकून दुसऱ्याचं वजन सर मुद्दाम तिसऱ्याइतकं करत, म्हणजे पोरं नुसती हातात घेऊन सुटायला नकोत. कापायचं अगदी शेवटी. त्याआधी तोलायचं, घरंगळवायचं, गरगर फिरवायचं आणि आत काय असेल ते वहीत लिहायचं. "पृथ्वीच्या गाभ्यात तरी कोण उतरून आलंय," सर म्हणत, "तिचं पोट वरूनच ओळखावं लागतं."

यंदा मात्र माती मळताना त्यांचा खांदा भरून आला होता. त्यात मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सांगून ठेवलेलं. "सर, उद्या मी मागच्या बाकावर बसून तास बघते. पटला तर ठीक. नाहीतर पुढच्या वर्षीपासून हा धडा पडद्यावर. फरशीवर माती होते म्हणून शिपाई माझ्या नावाने खडे फोडतो."

तास राहिला तर पुन्हा मळणं आलं, गेला तर सत्तावीस वर्षं पाण्यात. तरी राहावा, असंच त्यांना वाटत होतं. संध्याकाळी त्यांनी गोळे संपवले, खिळ्याने प्रत्येकाच्या तळाला खूण केली, एक ओरखडा, दोन, तीन. मग ओल्या फडक्याखाली ओट्यावर ठेवून आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी पहिला गोळा उलटा केला. तळ गुळगुळीत. दुसरा, तिसरा, तसेच. तेव्हा कुठे त्यांना बायकोचं सकाळचं बोलणं आठवलं. "अहो, तुमचे गोळे खालून ओरबाडले होते, देवापुढचा दिवा लावून झाल्यावर ओला हात फिरवून सारखे केले." चपला शोधता शोधता ते नुसतं "बरं" म्हणाले होते. तिच्यावर रागवायचं तर कशासाठी? चांगल्याच मनाने केलेलं ते.

लोखंडाचा गोळा हाताला लगेच कळला. उरलेल्या दोघांपुढे मात्र त्यांचीच हुशारी त्यांच्या गळ्यात पडली. एरवी ते बाकांमधून फिरत, कुणी चुकीचं लिहिलं की "पुन्हा फिरव बघू" म्हणत, आणि पोरं सरांचं तोंड बघून उत्तर बदलत. आज बघायला ते तोंडच नव्हतं. मागे मोठ्या बाई पेन उघडून बसल्या होत्या.

"या दोनांत काय आहे," सर म्हणाले, "ते या वेळी मलाही माहीत नाही."

"सर चेष्टा करताय."

"चेष्टा करायचं त्राण नाही रे बाळांनो. तुम्हीच शोधा."

मग पोरं सरांकडे बघायची थांबली आणि गोळ्यांकडे बघायला लागली. खिडकीजवळच्या चष्मेवालीने एक गोळा फिरवला, बोटाने क्षणभर थांबवला आणि सोडला. "सर, हा थांबला नव्हता. सोडल्यावर परत हलला."

"तुझं बोट हललं असेल," शेजारचा म्हणाला.

"मग तू कर की, शहाण्या."

त्याने केलं. गोळा परत हलला. "आतलं काहीतरी अजून फिरतंय," तो हळूच म्हणाला.

सरांनीही दोन्ही फिरवून पाहिले, पण थकलेल्या बोटांना काही कळेना. त्यांनी फळ्यावर आपला अंदाज लिहिला, तो नेमका उलटा. मग तारेने गोळे कापले. चष्मेवालीच्या गोळ्यातल्या कुपीचं बूच निघालं, तेल टेबलावर ओघळलं आणि छर्रे टपटपत जमिनीवर गेले.

"सर नापास," मागून कुणीतरी म्हणालं. सगळा वर्ग हसला, सरही हसले.

मुलं गेल्यावर मोठ्या बाई टेबलापाशी आल्या. "खरंच माहीत नव्हतं तुम्हाला?"

"खरंच नव्हतं. खुणा घरी पुसल्या गेल्या."

"गेल्या वर्षी मी दाराबाहेरून हा तास ऐकला होता. तेव्हा तुम्हीच बोलत होतात." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "राहू द्या हा तास. फरशी मात्र मुलांकडूनच पुसून घेत जा."

घरी येऊन सर स्टुलावर बसले ते बसलेच. बायकोने पाणी दिलं. "काय झालं?"

"राहिला."

"देव पावला."

"हो. म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा माती मळणं आलं."

"मळीन मी. तो खांदा जरा गप्प ठेवा."

त्यांनी पाणी संपवून रिकाम्या पेल्याच्या तळावरून बोट फिरवलं. "अगं, गोळ्यांना खुणा मी करीनच, हाताला सवय झालीय. तू आपली रात्री त्यांवर ओला हात फिरवून ठेवत जा."