वन्संनी घडवलेली मूठ

माझ्या नणंदबाईंनी निवृत्तीनंतर सुतारकाम सुरू केलं, तेव्हा घरात सगळ्यात मोठ्याने हसले ते त्यांचे सख्खे भाऊ, म्हणजे माझे यजमान. "जन्मभर एक्स्चेंजमध्ये बसून फोन जोडले, आता खुर्च्या जोडणार!" ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून बहिणीला 'सुतारीणबाई' म्हणू लागले.

वन्संनी लग्न केलं नव्हतं. त्या आमच्याकडेच राहायच्या. स्वयंपाकघरामागची कपडे धुण्याची खोली त्यांनी मागून घेतली, सिंकशेजारी एक जाड फळीचं टेबल टाकलं आणि पहिलं काम म्हणून माझं डुगडुगणारं स्टूल आत नेलं. त्याचा एक पाय कापला, मग दुसरा जास्त वाटला म्हणून तो कापला, मग तिसरा. स्टूल बाहेर आलं ते पाय टेकायच्या लायकीचं होऊन. यजमानांनी त्यावर पाय ठेवून पेपर वाचला. वन्संना मात्र हसू आलं नाही. त्या म्हणाल्या, "दोष अर्धा माझा, अर्धा करवतीचा. बागेतल्या फांद्या कापायच्या करवतीने मी स्टूल कापत होते."

तिथून त्यांना हत्यारं पारखायचा नाद लागला. त्यांच्या पर्समध्ये रुमाल, चष्मा आणि लाकडाचा एक तुकडा असे. हार्डवेअरच्या दुकानात गेल्या की तो तुकडा काउंटरवर ठेवायच्या आणि कुठलंही हत्यार त्यावर चालवून बघितल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. दुकानदार आधी वैतागला.

"बाई, करवत घेताय की जावई शोधताय?"

"जावई बिघडला तर मुलीला घरी तरी आणता येतं. करवत तुम्ही परत घेता का?"

दुकानदाराने करवत पुढे सरकवली. पुढे पुढे तो स्वतःच त्यांना सांगू लागला की ही लाकूड तासायची पटाशी चांगली आहे, ती नुसती चमकते.

त्यांची आणखी एक रीत होती. एखादं हत्यार हवंसं वाटलं तर आधी कुणाकडून तरी उसनं आणायचं. पुन्हा पुन्हा आणावं लागलं तरच विकत घ्यायचं. त्यामुळे त्यांच्या भिंतीवर फार थोडी हत्यारं होती: एक बारीक दातांची करवत, दोन पटाश्या, छोटा रंधा, काटकोन तपासायचा गुण्या, हातोडी, पकडी. टेबलाच्या कडेला लाकूड घट्ट धरून ठेवणारा लोखंडी शिकंजा. त्याच्या जबड्यांना त्यांनी माझ्या जुन्या पर्सचं चामडं चिकटवलं होतं, लाकडावर वळ उठू नयेत म्हणून. आमच्या मुलाने एकदा आत्यासाठी मोठी चकचकीत पेटी आणली. तिच्यात असंख्य हत्यारं खाचांमध्ये निजवलेली होती. वन्संनी ती उघडून कौतुकाने पाहिली आणि म्हणाल्या, "बाळा, यात सगळं आहे रे. फक्त मला करायचंय ते काम नाही." मुलगा हिरमुसला, पण दुसऱ्या दिवशी आत्याला बरोबर घेऊन दुकानात गेला आणि पेटीच्या बदल्यात चांगली धार लावायची दगडी पाटी घेऊन आला. वन्सं महिनाभर ती सगळ्यांना दाखवत होत्या.

हे सगळं हौसेचं होतं. मग यजमानांना अर्धांगाचा झटका आला आणि त्या खोलीला खरं काम आलं.

यजमानांनी जन्मभर नकाशे काढले होते. शाईची रेघ त्यांच्या हातून कधी हलली नाही. आता पाय हळूहळू सुधारला, बोलणं पूर्ववत झालं, पण उजवी मूठ पूर्ण मिटेना. चमचा धरला तर तोंडाशी येईपर्यंत तिरपा व्हायचा आणि सूप शर्टावर. एका रात्री मुलासमोर आणि सुनेसमोर तसं झालं. सून पटकन नॅपकिन घेऊन उठली. यजमानांनी तिला हाताने थांबवलं, खुर्ची मागे सरकवली आणि आत निघून गेले. त्यानंतर ते खोलीचं दार लावून जेवू लागले. मी भरवायला गेले तर म्हणाले, "ताट ठेव आणि जा." अर्धं ताट तसंच परत यायचं. त्यांचे शर्ट खांद्यावरून लोंबायला लागले.

औषधांच्या दुकानातून मी जाड रबरी मुठीचा चमचा आणला. त्यांनी तो नीट पाहिला. "याच्यावर ससा काढायचा राहिलाय," एवढंच बोलले आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

वन्संनी तो ड्रॉवरमधून काढला, हातात धरला, पुन्हा ठेवला. "वहिनी, हा कुणाच्याच हाताचा नाही. म्हणून सगळ्यांना विकतात. दादाला मी परत जेवायच्या टेबलावर आणते, बघा तुम्ही."

दुसऱ्या दिवशी त्या भिजवलेल्या पिठाचा गोळा घेऊन भावाच्या खोलीत गेल्या.

"दादा, हा दाब."

"आता खेळायला पीठ दिलंस?"

"मिटते तेवढी मूठ मीट. बाकी टोमणे मग मार."

त्यांनी दाबला. बोटांचे ठसे उमटले, मधलं बोट खोल, करंगळी जेमतेम. गोळा वाळवून वन्संनी तो टेबलावर ठेवला आणि कितीतरी वेळ नुसता फिरवून पाहिला. असा आकार काढायला पटाशी उपयोगाची नव्हती. खोलगट वळणात शिरेल अशी कानस हवी होती. त्या दुकानात गेल्या. मी बरोबर होते. दुकानदाराने ओळीने कानशी मांडल्या. वन्संनी एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने गोल, मोठ्या दातांची, हाताच्या पंज्याएवढी कानस उचलली आणि आपल्या तुकड्यावर चालवली. लाकडाचा भुसा झरझर पडला.

"हिचे ओरखडे राहतात बरं," दुकानदार म्हणाला.

"राहू देत. ते काढायला पॉलिश पेपर आहे ना माझ्याकडे."

या उत्तरानेच पुढे त्यांचा घात केला. मूठ घडवायला आठवडा लागला, आणि गुळगुळीत करायला दुसरा. जाड पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, मग तेल. दिवसभर त्या खोलीतून घासल्याचा आवाज यायचा. शेवटी त्यांनी स्टीलच्या चमच्याची दांडी मुठीत बसवली आणि आणून माझ्या हातात दिली. नदीतल्या गोट्यासारखी झाली होती. मी इतकी सुंदर वस्तू क्वचितच पाहिली आहे.

यजमानांनाही आवडली. त्यांनी ती उजेडात धरली, अंगठा फिरवला. "सुतारीणबाई, हे तुम्ही केलंत?" त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. मी वाटीत उकडलेले वाटाणे आणले. त्यांनी चमचा भरला, उचलला, आणि अर्ध्या वाटेत मूठ तळहातात गर्रकन फिरली. वाटाणे पलंगाखाली गेले.

त्यांनी चमचा हळूच ट्रेमध्ये ठेवला. "शोकेसमध्ये ठेव. तिथे शोभेल." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

वन्सं आपल्या खोलीत गेल्या. मी चहा घेऊन गेले तर त्या हातोडी हातात घेऊन बसल्या होत्या.

"वहिनी, मी नवी हातोडी आणली की पहिलं काय करते?"

"काय?"

"काचेच्या तुकड्याने दांड्यावरचं व्हार्निश खरवडून टाकते. घामाच्या हातात निसटतं म्हणून. माझ्या स्वतःच्या हत्यारांना मी एवढं सांभाळते, आणि दादाच्या हातात दिला आरसा. मला वस्तू छान करायची होती हो. त्याला जेवायचं होतं."

रडल्या मात्र नाहीत. चहा संपवला आणि थेट भावाच्या खोलीत गेल्या. "ऊठ. माझ्याकडे चल."

"कशाला?"

"तुझा हात इथे आणि माझी कानस तिथे, असं काम होत नाही."

"शर्यत हरलेल्या घोड्याला पुन्हा पळवू नये, सुतारीणबाई."

"घोडा खुर्चीवर बसणार आहे. पळायचंय मला."

झटका आल्यापासून यजमान पहिल्यांदाच त्या खोलीत गेले, काठी टेकत. वन्संनी त्यांना शिकंज्याशेजारी बसवलं. नव्या लाकडाची मूठ ओबडधोबड कापलेली होती. ती त्यांच्या हातात द्यायची, बोटं कुठे टेकतात तिथे पेन्सिलने खूण करायची, शिकंज्यात अडकवायची, कानस चालवायची, पुन्हा हातात. पहिल्यांदा यजमानांनी नुसतं सांगितलं तसं केलं. मग त्यांच्यातला नकाशेवाला जागा झाला.

"इथे जास्त काढलंस."

"कुठे?"

"करंगळीखाली. आण ती पेन्सिल इकडे." त्यांनी डाव्या हाताने स्वतः रेघ मारली. वाकडी आली. ती पाहून म्हणाले, "रेघ वाकडी आहे, जागा बरोबर आहे."

"मी जागाच बघतेय," वन्सं म्हणाल्या.

दोघांची जुंपायची. मी स्वयंपाकघरातून ऐकत असे: 'अजून थोडं', 'पुरे', 'तुला काय कळतं', 'हात कुणाचाय?' चार-पाच दिवस असं चाललं. या वेळी पॉलिश पेपर ड्रॉवरमधून बाहेर आला नाही. कानशीचे ओरखडे मुठीवर तसेच ठेवले, फक्त टोचणाऱ्या कडा मोडल्या. मग चमच्याची मान. ती दोन पकडींत कापड घालून धरली आणि आतल्या बाजूला वळवली, म्हणजे मनगट फिरवायला नको, चमचा आपोआप तोंडाकडे येईल. वळवताना एक चमचा मोडला. दुसरा वळला.

त्या संध्याकाळी मी टेबल मांडत होते. यजमान काठी टेकत आले आणि आपल्या जुन्या खुर्चीवर बसले. सून वाढू लागली. बटाटे, वाटाणे, वर सॉस. यजमानांनी मूठ धरली. बोटं आपापल्या खाचेत गेली. चमचा उचलला. थोडा हलला, पण फिरला नाही. तोंडात गेला.

दुसरा घास. तिसऱ्याला एक वाटाणा निसटला आणि टेबलावरून घरंगळत मुलाच्या ताटाशी गेला. यजमानांनी त्या वाटाण्याकडे पाहिलं.

"चमचा उत्तम आहे," ते म्हणाले. "वाटाणे कच्चे आहेत." आणि माझ्याकडे पाहून भुवई उडवली.

मी इतकी हसले की मला उठून पाणी प्यावं लागलं. ते शेवटपर्यंत, म्हणजे पुढची सहा वर्षं, त्याच खुर्चीवर बसून जेवले.

वन्सं मात्र हसत नव्हत्या. त्यांनी त्या जेवणात भावाच्या चेहऱ्याकडे एकदाही पाहिलं नसेल. त्यांची नजर अंगठ्यावर होती. ताट रिकामं झाल्यावर त्यांनी हात पुढे केला.

"दादा, दे इकडे. अंगठ्याची खाच किंचित वर हवी. उद्या सकाळी दुरुस्त करून देते."

यजमानांनी चमचा छातीशी धरला.

"याला आता कुणी हात लावायचा नाही," ते म्हणाले. "करायचाच असेल तर दुसरा कर."

वन्सं लगेच उठल्या आणि माप घ्यायला पेन्सिल आणायला गेल्या.