कळ दाबून चढणारा पोशाख

मालकानं जागा विकली आणि फान युए-ओ ताईंची न्याहारीची टपरी उठली. जन्मभर अंड्याची धिरडी उलथलेल्या ताई चव्वेचाळिसाव्या वर्षी कारखान्याचं काम शिकवणाऱ्या आमच्या वर्गात, माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या. आमच्या शिन्चू शहरात संगणकाच्या चिपच्या कारखान्यात चिकटलं की जन्माचं कल्याण, आणि त्यांच्या घरात दुसरं कोणी कमावणारं नव्हतं.

खरी प्रयोगशाळा आमच्या कॉलेजच्या ऐपतीबाहेरची. म्हणून डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवायचा, की समोर अख्खा कारखाना उभा. कळ दाबली की अंगावर पांढरा पोशाख, कळ दाबली की भट्टी तापते. सिलिकॉनची चकती फुटली तर पुन्हा पहिल्यापासून. ताईंची कधी फुटलीच नाही. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे संगणकावर खाऊची हिरवी पुडी ठेवतात, तीही त्याच आणत. एकदा मी पिवळी आणली, तर खेकसल्या, "अगं बये, पिवळीनं यंत्र अडून बसतं! आणि तारीख बघ. शिळं खायला घालतेस त्याला?"

निवडीच्या दिवशी कारखान्यात खरा पोशाख हातात आला. टोपडं, मुखपट्टी, चष्मा, हातमोज्यांवर हातमोजे. मग धूळ झटकणारी वाऱ्याची खोली. दार लागलं, चहूबाजूंनी वारा सुटला, आणि ताई काचेवर दोन्ही हातांनी थापा मारू लागल्या. मी रांगेत मागेच होते. सगळं दिसत होतं, पण वारा थांबेपर्यंत ते दार उघडत नाही.

तरुणपणी एका मोठ्या भूकंपात त्या तोंग्शी गावातल्या घराखाली गाडल्या गेल्या होत्या, हे त्यांनी बाहेर आल्यावर सांगितलं. "मला वाटायचं, गेलं ते," म्हणाल्या. यंत्राला शहाणं करायला खाऊ आहे, माणसाच्या छातीला काय द्यायचं? मला भयंकर राग आला आणि तो काढायला कोणी सापडेना. निवड करणारी मुलगी बिचारी पाणी घेऊन धावली. "मावशी, घाई नाही. पुन्हा घालून बघा." ताईंनी पुन्हा घालून बघितलं. टोपडं चढवलं न चढवलं तोच ओढून काढलं, आणि नोकरी तिथेच हुकली.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गात ल्याओ सरांपुढे उभ्या राहिल्या. "सर, तुमच्या त्या चष्म्यातल्या कारखान्यात गुदमरल्यासारखं होईल, असं काही करता येतं का हो? सराव करीन म्हणते."

सरांनी मान खाली घातली. "नाही हो ताई. तिथे कोणी श्वासच घेत नाही."

"बरं," म्हणून ताई पिशवी उचलून जिना उतरायला लागल्या.