सगळेच पाठवतो, आई

चारुलताबाईंची सारी नोकरी सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर गेली. येणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्या हाताखालून जायचा, मगच साहेबाकडे. "माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही," असं त्या मोठ्या तोऱ्यात सांगायच्या. त्यावर वसंतराव, म्हणजे त्यांचे यजमान, हसून म्हणायचे, "मुंगी नाही सुटत, हत्ती सुटतो." खोटं नव्हतं ते. बाहेरचा कागद तीनदा उलटून पाहणारी ही बाई घरच्या माणसानं सांगितलेलं मात्र ब्रह्मवाक्य मानायची. घरच्यांवर काय शिक्का मारायचा, असं तिचं म्हणणं.

वसंतराव गेल्या चैत्रात गेले. महाल भागातल्या जुन्या घरात बाई एकट्या उरल्या. मुलगा अनिश आणि सून मुग्धा शहराच्या टोकाला, बेसा भागातल्या नव्या फ्लॅटमध्ये राहायचे. भांडण वगैरे काही नव्हतं. अनिश दर रविवारी यायचा, येताना गरम तर्री-पोहे आणायचा. शेजारणींची आपापल्या पोरांवरची रडगाणी ऐकली की चारुलताबाई मनातल्या मनात आपल्या लेकाची दृष्ट काढायच्या.

त्या वर्षात एकच गोष्ट त्यांना आतून खात होती. त्यांच्या घरच्या महालक्ष्म्या बसल्या नाहीत. भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा येतात, तीन दिवस राहतात, सोळा भाज्यांचं आणि पुरणाचं जेवण जेवतात आणि जातात. लग्न होऊन आल्यापासून एक वर्ष चुकलं नव्हतं. बाळंतीण असताना नाही, सासू गेली तेव्हाही नाही. पण यंदा श्रावणातच अनिश म्हणाला होता, "प्रमोदिनीकाकूनं गुरुजींना विचारलं आई. बाबांचं वर्ष आहे, यंदा बसवायच्या नाहीत." प्रमोदिनी म्हणजे धाकटी जाऊ, देवाधर्माच्या बाबतीत घरातलं हायकोर्ट. चारुलताबाईंनी मान डोलावली. अनिश पुढे म्हणाला, "रिकामे आहेत तर मुखवटे उजळून आणतो." त्यांनी दोन्ही पितळी मुखवटे मऊ फडक्यात बांधून त्याच्या हाती दिले.

ते तीन दिवस त्यांनी कसे काढले, त्यांचं त्यांनाच ठाऊक. रिकाम्या चौरंगापुढे दिवा लावायचा आणि म्हणायचं, "मायांनो, चुकलं. पोटात घाला." चूक कोणती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्यातही एक आनंद झाला होता. अनिशचा फोन आला, "आई, मुग्धाला तुझ्या हातची आंबील खावीशी वाटून राहिली. उद्या सकाळी नेतो." चारुलताबाईंचे कान टवकारले. सुनेला आंबट खावंसं वाटतं, तेही अचानक! त्यांनी तोंडातून अक्षर काढलं नाही. विचारावं आणि नजर लागावी, नकोच ते. रात्री ताकात ज्वारीचं पीठ भिजवलं, सकाळी न्हाऊन धुऊन आंबील शिजवली, खोबऱ्याचे काप घातले आणि स्टीलच्या मोठ्या डब्यात भरून दिली. दुसऱ्या दिवशी डबा परत आला तो पुरणपोळ्या भरून. रिकामा डबा परत करू नये, ही रीत सुनेला कळली म्हणून त्या सुखावल्या. आणि वसंतरावांच्या जुन्या धोतराचं मऊ दुपटं शिवायला बसल्या, कोणालाही न सांगता.

दसऱ्यापर्यंत मुखवटे लखलखीत होऊन आले. पेटीत बसले.

दिवाळी झाली आणि एका रविवारी अनिश पोह्यांसोबत नवा टॅब घेऊन आला. वसंतरावांचा फोन त्यांच्यामागे कधी सुरूच झाला नाही. त्यांचे फोटो होते ते सगळे अनिशच्या फोनमध्ये. त्या इवल्या काचेवर चारुलताबाईंना नवऱ्याचं नाक कुठे नि चष्मा कुठे, काही उमगायचं नाही. त्यांनीच लेकाचं डोकं खाल्लं होतं, मला तुझे बाबा मोठे करून दे.

"हे पाह्य आई. दोन बोटं अशी ठेवायची आन् फाकवायची. झालं मोठं."

त्यांनी एका फुलाच्या चित्रावर बोटं फाकवून पाहिली. फूल पसरलं. त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

अनिशनं फोन आणि टॅब शेजारीशेजारी ठेवले. एकेक फोटो निवडू लागला. दहा-पंधरा झाले आणि कंटाळला. "बाबांचे वेगळे काढत बसलो तर संध्याकाळ होईल. सगळेच पाठवतो आई. नको ते तू पुसून टाक."

"पाठव बापा. मला काय, वेळच वेळ आहे."

त्यानं बोट दाबलं आणि तेवढ्यात खाली गल्लीत हॉर्न वाजायला लागला. गादीवाल्याचा टेम्पो अडला होता, अनिशच्या गाडीपायी. किल्ली घेऊन तो जिना उतरला.

टॅबवर फोटो येऊ लागले, जुने आधी. वसंतराव अंबाझरी तलावाच्या काठावर. वसंतराव मुग्धाच्या माहेरी, तोंडात लाडू. चारुलताबाई बोटं फाकवत होत्या, पदरानं काच पुसत होत्या. मग दवाखाना आला. नळ्या आल्या. ते फोटो त्यांनी मोठे केले नाहीत. मग फ्लॅटचे पडदे, कुणाचा वाढदिवस, गाडीचा ओरखडा, विम्यासाठी काढलेला. आणि मग झेंडूची तोरणं.

मखर. मखरात ज्येष्ठा आणि कनिष्ठा, भरजरी लुगडी, नथी, गजरे.

कुणाच्या घरच्या असतील, असं आधी वाटलं त्यांना. मग ज्येष्ठेच्या हनुवटीवरचा पोचा दिसला. तो पोचा चारुलताबाईंचाच. नवी नवरी असताना मुखवटा हातातून निसटला होता आणि सासू दोन दिवस बोलली नव्हती. पितळ उजळलं, पोचा कुठे जाणार?

पुढचा फोटो. मुग्धा नऊवारीत आरती धरून. पुढचा. प्रमोदिनी पंगतीत वाढते आहे, सगळे भाऊबंद जेवायला बसले आहेत, गल्लीतल्या यमुताईसुद्धा. यमुताई! रोज सकाळी दारातून "बरी आहेस ना वं चारू?" विचारणाऱ्या. साऱ्या गावाला ठाऊक होतं. आणि अनिश सोवळं नेसून, हात जोडून, सगळ्यांच्या मधोमध.

पुढचा फोटो नैवेद्याचा. सोळा भाज्या, वडे, पुरणपोळ्यांची चळत, आणि मधोमध त्यांचाच स्टीलचा डबा. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला आंबील लागतेच.

डोहाळे कसले नि काय! त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पलंगाखालच्या पिशवीत अर्धं दुपटं होतं.

अनिश वर आला तो धापा टाकत. "आले का सगळे?"

"आले," चारुलताबाई म्हणाल्या. "सगळेच आले."

त्यानं काच पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. "आई, ऐकून तर घे. काकू म्हणाली, पहिलंच वर्ष आहे, तू समोर असशील तर तुलाच त्रास होईल, रडशील... शुभकार्यात बरं नाही दिसत. महालक्ष्म्या चुकवायच्या तर नसतात. मग आम्ही म्हटलं..."

"काहून बोलला नाहीस मले?" माहेर पारशिवनीचं, राग डोक्यात गेला की कचेरीतली भाषा गळून पडायची. "मी आरतीचं ताट मागितलं असतं? मुग्धाच्या हाती मीच दिलं असतं. मी आतल्या खोलीत भाज्या चिरत बसली असती अनिश. तुमच्या पाहुण्यांले दिसली पण नसती."

"तुला वाईट वाटलं असतं म्हणून..."

"तीन दिवस मी महालक्ष्म्यांची माफी मागून राहिली होती. न केलेल्या गुन्ह्याची. अन् तू तिकडे सोवळं नेसून उभा!"

चारुलताबाईंनी टॅब ओढला. डब्यावर दोन बोटं ठेवली आणि फाकवली, आत्ताच शिकवली होती तशी. डब्याच्या पोटावरची अक्षरं मोठी झाली.

"वाच."

"आई, जाऊ दे ना."

"वाच म्हटलं."

त्याच्याच मुंजीत वाटलेला डबा होता तो. त्यानं पुटपुटत वाचलं, "चि. अनिशच्या मुंजीप्रीत्यर्थ. सौ. चारुलता आणि श्री. वसंत."

"माझं तोंड नाही चाललं, हात चालले. सौ. चालली, कारण ती डब्यावर होती."

अनिशनं हात पुढे केला. "आण, हे पुसून टाकतो."

"हात लावू नको. आलेला कागद मी आजवर फाडला नाही."

तो उठला. चपला घालता घालता दारात घुटमळला. आईनं नेहमीसारखं "सावकाश जा" म्हणावं, एवढंच त्याला हवं असावं. त्या पाठमोऱ्याच होत्या. मग एकदम वळल्या. आवाजातला राग कुठल्या कुठे गेला होता.

"अनिश, डब्यातून पुरणपोळ्या पाठवल्या होत्या तुम्ही. त्या नैवेद्याच्या होत्या?"

"हो."

"सांगायचं तरी होतं रे," त्या म्हणाल्या. "मी चहासोबत खाल्ल्या. हात पण नाही जोडले."